शोध १९४१ चा, वेग १९६९ चा : बालाघाटाच्या सीताफळासाठी एक धागा

१/ बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या उतारावर वाढणाऱ्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. झाडावरून उतरवलेले हे फळ काही दिवसांतच मऊ पडते. त्यातील कीटकनाशकाच्या अंशाचा अहवाल फळ नासल्यावर आला, तर तो कितीही अचूक असला तरी निरुपयोगीच.

२/ म्हणूनच द्रव-द्रव क्रोमॅटोग्राफीचा इतिहास वेगाच्या अंगाने वाचला पाहिजे. न मिसळणाऱ्या दोन द्रवांपैकी एक स्थिर ठेवून दुसरा वाहता केला, की मिश्रणातील पदार्थ पुढेमागे होत वेगळे होतात.

३/ लीड्स येथील लोकर संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ साली हे करून दाखवले. सिलिका जेलमध्ये पाणी धरून ठेवले आणि त्यातून क्लोरोफॉर्म वाहू दिला. १९५२ चे नोबेल त्यांना याच पद्धतीसाठी मिळाले.

४/ वेगाची किल्लीही त्याच निबंधात होती : कण अतिसूक्ष्म घ्यावेत, दाब मोठा द्यावा. जगाने पद्धत उचलली. ही सूचना मात्र सुमारे दोन दशके पडून राहिली. स्तंभातून थेंब गळत राहिले आणि विश्लेषणाला तासन्‌तास लागत राहिले.

५/ नुसता प्रवाह वाढवून भागत नव्हते. रेणू कणांच्या खोल छिद्रांत शिरत आणि बाहेर यायला वेळ घेत. प्रवाह घाई करी, रेणू मागे रेंगाळत. वेगळे झालेले पट्टे पसरून पुन्हा एकमेकांत मिसळत.

६/ १९६९ साली ड्युपाँटच्या जोसेफ कर्कलंड यांनी भरीव गाभ्यावर सच्छिद्र पदार्थाचे पातळ कवच असलेले कण वापरले. छिद्रे उथळ झाली, रेणूंची ये-जा लवकर होऊ लागली. दाबाने द्रव ढकलणाऱ्या पंपांची जोड मिळताच तासांचे काम मिनिटांवर आले.

७/ २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकली. दोष समुद्रापलीकडे उघड झाला. तोवर माल परतीच्या पलीकडे गेला होता.

८/ इतिहास शोध लावणाऱ्याला मुकुट देतो आणि वेग आणणाऱ्याला तळटीप. हा न्याय अपुरा आहे. नाशवंत मालाच्या मालकासाठी उशिरा कळलेले सत्य हे नुकसानच असते. बालाघाटाच्या बागाईतदाराला मार्टिन-सिंज यांच्याइतकेच कर्कलंडही जवळचे वाटावेत.