शब्दावर टेकलेलं बाळंतपण

संसद म्हटली की आपल्याला आठवते ती भांडाभांडी. पण ब्रिटनच्या संसदेत एकमेकांशी भांडणारे पक्षही आपसात एक तोंडी व्यवहार सांभाळतात. त्याचं नाव 'पेअरिंग', म्हणजे जोडी लावणं. एका बाजूचा खासदार आजारी असला, परदेशी गेला किंवा कुणी बाळंतीण असली, की समोरच्या बाजूचाही एक खासदार मतदानाला जात नाही. इकडचं एक मत कमी, तिकडचंही एक कमी, हिशेब बरोबर! दोन्हीकडचे प्रतोद हे ठरवतात. सभागृहाच्या नियमांत मात्र याला जागा नाही. सगळा कारभार दिलेल्या शब्दावर.

१७ जुलै २०१८ रोजी हा शब्द मोडला. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या जो स्विन्सन तान्ह्या बाळाला घेऊन घरी होत्या. त्यांची जोडी लावली होती सत्ताधारी हुजूर पक्षाचे अध्यक्ष ब्रँडन लुईस यांच्याशी. ते आधीच्या मतदानांना गेले नाहीत, पण ब्रेक्झिटसंबंधीच्या दोन अटीतटीच्या मतदानांत मत देऊन आले. त्यातलं एक सरकारने ३०७ विरुद्ध ३०१ असं जिंकलं. 'चुकून झालं,' असा खुलासा पंतप्रधान थेरेसा मे यांनी केला. त्या एका मताने निकाल फिरला नसता, हे खरं. पण विश्वास गेला तो गेलाच.

त्याची झळ बसली दुसरीलाच. १५ जानेवारी २०१९ रोजी ब्रेक्झिट करारावर मतदान होतं. मजूर पक्षाच्या ट्युलिप सिद्दिक, म्हणजे बांगलादेशच्या शेख मुजीबुर रहमान यांची नात, सिझेरियन दोन दिवस पुढे ढकलून व्हीलचेअरवरून मतदानाला आल्या. जोडी देऊ केली होती, पण भरवसा कसा ठेवायचा? सरकार तर त्या दिवशी २३० मतांनी हरलं!

तेव्हा कुठे सभागृहाला जाग आली. त्याच महिन्याच्या अखेरीस बाळंतपणाच्या रजेवरच्या खासदाराचं मत सहकाऱ्यामार्फत देण्याची सोय झाली. पहिला लाभ सिद्दिक यांनाच मिळाला. २०२० मध्ये ही सोय कायम झाली.

विरोधकाचाही शब्द पाळावा, ही रीत चांगलीच आहे. पण बचत गटात आपण पन्नास रुपयेसुद्धा वहीत मांडतो, ते काही एकमेकींवर विश्वास नाही म्हणून का? मग बाईचं बाळंतपण तरी कुणाच्या भलेपणावर का सोडायचं? संसद असो, ग्रामपंचायत असो की घर, हक्क कागदावर आलेला बरा.