आमची केटी आणि गावाचं टेंडर

आमच्या होस्टेलच्या मेसमागे एक कुत्री राहते. तिचं नाव केटी. एकदा मागे लागली की सहजासहजी सुटत नाही, म्हणून सीनियर्सनी हे नाव ठेवलं. ऐन सबमिशनच्या आठवड्यात तिला पाच पिल्लं झाली. एका विंगने दुधासाठी वर्गणी काढली. दुसऱ्या विंगने रेक्टर मॅडमना अर्ज दिला, 'हिला इथून हलवा.' काही मुलींनी वर्गणीही दिली आणि अर्जावर सहीही केली. त्यात मीही होते!

माझं गाव नेवासा. शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे माझं मराठी जरा सांभाळून घ्या. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तो पैस खांब आमच्या गावात आहे, आणि खंडोबाची म्हाळसाही नेवाशाचीच असं लोक मानतात. खंडोबा म्हटला की कुत्रा आलाच. म्हणजे कुत्रा हा आमच्या जावयाचा सोबती! पण माझ्या चुलतभावाला शाळेतून येताना कुत्रं चावलं, तेव्हा हे नातं कुणालाच आठवलं नाही. आजी हळदीचा डबा शोधत होती. काकांनी आधी त्याचा पाय नळाखाली धरला, साबण लावून पंधरा मिनिटं धुतला आणि त्याला तसाच लस द्यायला नेला. तो ठणठणीत आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे मला नंतर कळलं आणि अंगावर काटा आला.

त्यामुळे 'कुत्रे चांगले की वाईट' या वादात मला पडायचं नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. गावातल्या कुत्र्यांचं काम कुणाला द्यायचं, आणि ते कसं ठरवायचं?

आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं. टेंडर काढा, सगळ्यात कमी रेट भरेल त्याला काम द्या. हा प्रकार जुना आहे. १८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायला माणसं लावली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे ठरवले. मग काय, पैसे नगावर असल्यामुळे लोकांच्या घरची पाळीव कुत्रीही उचलली जाऊ लागली. पारशी समाज खवळला आणि ६ जूनला दंगल झाली. मला यातून एकच गोष्ट कळते. आपण ज्याचे पैसे देतो तेच आपल्याला मिळतं. नगाचे दिले की नग मिळतात, सुरक्षित रस्ता मिळेलच असं नाही.

आज मारायला परवानगी नाही. २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. 'तिथेच का?' असं सगळेच विचारतात. कारण जागा रिकामी झाली आणि उकिरडा तसाच राहिला, तर बाजूची नवीन कुत्री येतात, आणि त्यांची ना नसबंदी झालेली असते ना लसीकरण. हे काम कुणालाही देता येत नाही. प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेली संस्थाच लागते. म्हणजे 'गाडी आणि जाळी आहे' एवढ्यावर काम मिळता कामा नये.

आता थोडं आपल्या भाषेत. समजा गावात १००० कुत्री आहेत आणि ठेका वर्षाला १०० नसबंदीचा. टाकी भरणारा नळ जोरात चालू आणि खाली एक बारीक भोक! पाच वर्षं बिलं निघतील, पण पातळी उतरणार नाही. रेबीजची साखळी तोडायला साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून आधी गणना, मग टार्गेट आणि शेवटी रेट. आपण मात्र रेटपासून सुरुवात करतो.

हे जमतं का? गोव्यात जमलं. 'मिशन रेबीज' आणि राज्य सरकारने मिळून वाड्यावाड्यात जाऊन कुत्र्यांना लस दिली. कुठे किती झाली याची नोंद मोबाईल ॲपवर ठेवली, शाळांत जाऊन मुलांना शिकवलं. २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' जाहीर झालं. गोवा लहान आहे हे मान्य. पण नेवासा तर त्याहून कितीतरी लहान आहे!

लहान असण्याचीही अडचण असते. एका नगरपंचायतीला स्वतःचं ऑपरेशन थिएटर, पिंजरे आणि डॉक्टर परवडणार नाहीत. मग आजूबाजूच्या दोन-तीन गावांनी मिळून एक केंद्र का काढू नये? आणि ठेक्यात एवढं तरी लिहावं : गणना बाहेरच्या माणसांनी करायची, वॉर्डवार याद्या चावडीवर लावायच्या, आणि पैशांचा काही भाग सहा महिन्यांनी कानाची खाच मोजून द्यायचा. मोजायला आपण आहोतच की. दरवर्षी तेच ते मिनी प्रोजेक्ट करतो, त्यापेक्षा हे बरं.

आता आपल्या घरचा प्रश्न. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शाळा-कॉलेज, हॉस्पिटल, बस स्टँड अशा जागांमधली कुत्री नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, परत तिथेच सोडायला मनाई केली. म्हणजे वर्गणी काढणाऱ्या विंगला वाईट वाटेल आणि अर्जवाली विंग खूश होईल. पण थांबा. केटीला न्यायला येणारा माणूस कोण असेल? निवारा खरंच असेल, की गाडी दोन गावं ओलांडून तिला कुठल्यातरी उसाच्या कडेला सोडून देईल? तिथेही एखादा चौथीतला मुलगा शाळेतून घरी येत असेलच ना?

म्हणून मला वाटतं, आपल्या दोन्ही अर्जांचा मिळून एकच अर्ज करावा. 'हिला न्या, पण कुठे नेताय ते लेखी द्या, आणि आम्हाला बघायला येऊ द्या.' तोवर आपणही मेसचं खरकटं उघड्यावर टाकणं बंद करूया. मावशींना सांगून झालंय, झाकणाचा ड्रम मात्र कॉलेजने द्यायला हवा.

केटीच्या कानाला अजून खाच नाही. पुढच्या टर्मच्या आत ती क्लिअर झालेली मला बघायची आहे.