अंगणातला कुत्रा चावला की 'मोकाट' कसा होतो? किनवटसारख्या गावात कायदा काय सांगतो, तक्रार कुठे करायची?

किनवट शहर असो, शेजारचं गोकुंदा असो की तालुक्यातला एखादा तांडा, कुत्रे साधारण तीन प्रकारचे दिसतात. एक पट्टा-साखळीचा. दुसरा बसस्थानकाच्या आवारात वाढलेला. तिसरा अंगणातला. त्याला रोज भाकरी मिळते, हाक मारायला नाव असतं, रात्री तो घर किंवा खळं राखतो. पण गळ्यात पट्टा नसतो आणि लसही कुणी टोचलेली नसते. चावेपर्यंत तो "आमचा" असतो, चावला की "मोकाट" होतो. तक्रार पोलीस ठाणं आणि नगर परिषद यांच्यात फिरत राहते, ती बऱ्याचदा या एका शब्दामुळे.

मालक कोण, हे कसं ठरतं?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 291 इथे महत्त्वाचं आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये, याची पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जुन्या दंड संहितेत हाच दंड एक हजार होता.

या कलमात परवान्याची अट नाही. प्रश्न ताब्याचा आहे. कुत्रा रात्री कुणाच्या दारात बांधला जातो, कुणाच्या हाकेला येतो, राखणीला कुणी ठेवलाय, हे शेजाऱ्यांच्या जबाबातून पुढे येऊ शकतं. म्हणून "पट्टा नाही म्हणजे आमचा नाही" हा बचाव वाटतो तितका भक्कम नाही. अर्थात रस्त्यावरच्या कुत्र्याला एखादा तुकडा टाकला म्हणून कुणी लगेच मालक ठरत नाही. हे प्रत्येक प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर ठरतं.

(केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये पिटबुल, रॉटवायलरसह 23 जातींवर बंदी आणायचा प्रयत्न केला. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. चर्चा खूप झाली, पण किनवटच्या गल्लीतला प्रश्न पिटबुलचा नाहीच.)

मालकच नसेल तर?

मग जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची: शहरात नगर परिषद, गावात पंचायत. शहराची हद्द संपून गोकुंद्याची सुरू झाली की तक्रारीचा पत्ता बदलतो, कुत्रा मात्र हद्द पाहून फिरत नाही.

केंद्राच्या प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 नुसार रस्त्यावरचे कुत्रे पकडायचे, त्यांची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचलले तिथेच सोडायचे. नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाला खाच पाडतात. "उचलून दूर जंगलात सोडा" ही गावोगावची मागणी या नियमांत बसत नाही. विष घालणं तर गुन्हाच आहे. कलम 325 नुसार त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी हीच पद्धत मान्य केली. रेबीज झालेले, तसा संशय असलेले किंवा आक्रमक कुत्रे मात्र सोडायचे नाहीत. खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमायलाही सांगितलं. 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने आणखी एक अपवाद केला: शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून पकडलेले कुत्रे परत तिथे सोडायचे नाहीत, निवारागृहात ठेवायचे. म्हणजे गल्लीतला कुत्रा गल्लीत परत, एसटी स्टँडवरचा निवारागृहात.

अडचण इथेच आहे. नसबंदी केंद्राला पशुवैद्यक, शस्त्रक्रियेची खोली, पिंजरे आणि मान्यताप्राप्त संस्था लागते. निवारागृहाचा खर्च तर रोजचा. छोट्या नगर परिषदेला हे एकटीने झेपणं कठीण. किनवट, माहूर आणि हिमायतनगर यांनी मिळून एकच केंद्र चालवणं जास्त व्यवहार्य ठरेल.

चावल्यावर आधी काय?

आधी जखम, मग तक्रार. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. लगेच सरकारी रुग्णालयात जायचं. तिथे लस मोफत मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. या दोन्हींचा साठा सरकारी रुग्णालयांत कायम असावा, असं नोव्हेंबरच्या आदेशातही आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की मृत्यू जवळपास अटळ, त्यामुळे "बघू दोन दिवस" हा पर्याय नाही.

कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावं लागतं. तक्रार त्याच दिवशी करण्याचं खरं कारण हे. पिसाळल्याचा संशय असेल तर नियमांनुसार त्याला पकडून तपासणं आणि वेगळं ठेवणं स्थानिक संस्थेचं काम आहे. चार दिवसांनी कळवलं तर तो कुत्रा सापडेलच असं नाही.

तक्रार मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी द्यावी, गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे. जागा, वेळ, कुत्र्याचा रंग, कानाला खाच आहे की नाही हे लिहावं, रुग्णालयाचा केस पेपर जोडावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या फोटोला आवक क्रमांक नसतो. मालक माहीत असेल तर पोलीस ठाण्यात वेगळी तक्रार द्यावी.

भरपाई मागायची असेल तर हेच कागद लागतात. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने 2023 मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये भरपाई ठरवली होती. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण इथल्या वकिलांना आधार म्हणून दाखवता येतो.

आणि शेळी मारली तर?

किनवट जंगलाला लागून असल्याने हा प्रश्न इथे खरा आहे. बिबट्याने किंवा रानकुत्र्यांनी शेळी मारली तर वनविभाग पंचनामा करतो आणि भरपाई देतो. गावकुत्र्यांनी मारली तर त्या योजनेत काही मिळत नाही, कारण तो वन्यप्राणी नाही. कलम 291 सुद्धा माणसाच्या जिवापुरतंच आहे. कुत्र्याचा मालक सापडला तर त्याच्यावर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करता येतो. म्हणजे शेळीवाल्यासाठीही प्रश्न पुन्हा तोच: तो कुत्रा कुणाचा?