नाचणाऱ्याची रात्र, नाचणाऱ्याची सकाळ

आमच्या मोहोपाड्याला रात्र जागवायची सवय आहे. एकीकडे रसायनी-पाताळगंगा पट्ट्यातल्या कारखान्यांची तिसरी पाळी, दुसरीकडे लग्नसराईतली हळद. मांडवात धवलारीण धवले गाते, ते आटोपलं की बेंजो नाहीतर डीजे सुरू होतो आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे अंगणात उतरतात. गणपतीत भजन, नवरात्रात गरबा, शिमग्याला होळीभोवती फेर. नाचण्याच्या बाबतीत आम्ही रायगडकर कुणाला हार जाणार नाही.

प्रत्येक हळदीत एक मुलगा असतो. मान वळवायची त्याची ढब निराळी असते आणि लावणी लागली की त्याच्या अंगात वारं भरतं. लोक त्याला हाताला धरून मधोमध आणतात. कुणाची तरी ओढणी त्याच्या कमरेला बांधली जाते, शिट्ट्या पडतात, दहा-वीसच्या नोटा ओवाळल्या जातात. दुसऱ्या दिवशी नाक्यावर तीच माणसं त्याला ‘बायल्या’ म्हणून हाक मारतात. रात्री ज्या नाचाचं कौतुक झालं, त्याच नाचावरून सकाळी टोमणे सुरू. हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि बऱ्याच हळदींमध्ये तो मुलगा मीच होतो.

मुंबईतले ड्रॅग शो मला मनापासून आवडतात. क्वीअर मंडळींच्या पार्ट्यांना जायला, तिथे नाचायला आवडतं. त्यामागचं कारण या हळदींपासून सुरू होतं.

ज्यांनी ड्रॅग शो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बहुतेक वेळा क्लबचा किंवा बारचा एक कोपरा, छोटासा मंच, समोर दाटीवाटीने उभे असलेले लोक. निवेदन करणारी ड्रॅग क्वीन आल्या आल्या समोरच्यांची फिरकी घेते, लग्नाचं कधी बघतोस म्हणून पाठीमागे लागलेल्या मावश्यांची नक्कल करते. मग एकेक कलावंत येतो. कुणी श्रीदेवी होतं, कुणी हेलन. आणि कधी एखादी क्वीन नऊवारी नेसून, नाकात नथ, पायांत चाळ घालून सुलोचना चव्हाणांच्या ठसक्यावर उभी राहते. आवाज सुलोचनाबाईंचा, ओठ हिचे. ढोलकीच्या प्रत्येक थापेला भुवई उत्तर देते, हरकत आली की मान तेवढीच लचकते, श्वास घ्यायची जागासुद्धा चुकत नाही. याला लिप-सिंक म्हणतात. नुसते ओठ हलवणं कुणालाही जमेल, पण गाणं अंगावर चढवायला तालीम लागते, कान लागतो. अशा वेळी माझ्या घशातून आपसूक ‘वन्स मोअर’ निघतो.

त्यामागची मेहनत फार थोड्यांना ठाऊक असते. आधी स्वतःच्या भुवया गोंदाच्या कांडीने चिकटवून सपाट करायच्या, त्यावर पावडर दाबायची, फाउंडेशनचे थर द्यायचे आणि मग कपाळावर वर नवी भुवई काढायची. जबड्याचा कोन सावलीच्या रंगाने मऊ करायचा. फोम कापून नितंबांचे पॅड बनवायचे, त्यावर दोन-तीन टाइट्स चढवायच्या, कमरेला कॉर्सेट आवळायचं. लेस, खडे, टिकल्या बाजारातून शोधून आणायच्या आणि रात्री जागून स्वतः लावायच्या. मंचावर पाच मिनिटं दिसण्यासाठी आरशासमोर तीन-तीन तास जातात. हा सगळा खटाटोप पाहिलेला माणूस ड्रॅगला थिल्लर म्हणणार नाही.

नाच संपत आला की प्रेक्षक नोटा पुढे करतात. संगीतबारीतल्या दौलतजादेची आठवण व्हावी असाच हा रिवाज, आणि कलावंताच्या रात्रीच्या कमाईचा मोठा वाटा त्यातूनच येतो. शो झाला की मंच आणि प्रेक्षक एक होतात. कॉलेजची मुलं, रुग्णालयातली पाळी संपवून आलेली परिचारिका, हातात हात घालून बसलेलं पन्नाशीचं जोडपं, ट्रान्स मैत्रिणींचा घोळका, सगळे नाचतात. कोण कसा नाचतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तिथे मी ज्या मोकळेपणाने नाचतो, त्यावरून सकाळी मला कुणी हिणवत नाही. एवढ्यासाठी मी मिनीडोर, लोकल आणि पुन्हा रिक्षा असा प्रवास करून जातो.

हे परदेशातून आलेलं खूळ आहे, असं मला बरेच जण ऐकवतात. त्यांनी आपल्याच रंगभूमीचा इतिहास आठवावा. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू या साऱ्या त्यांच्या भूमिका. त्यांचं शालू नेसणं, त्यांचे दागिने, केसांत फूल माळण्याची रीत प्रतिष्ठित घरांतल्या बायकांनी उचलली. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, आणि १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये त्यांनीच राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. उलट बाजूने, फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये झळकलेल्या कमलाबाई गोखल्यांनी पुढे रंगभूमीवर पुरुषांच्या भूमिका केल्या. आज बाई पुरुषाचा वेश घेऊन मंचावर आली की तिला ड्रॅग किंग म्हणतात.

फरक आहे, तोही सांगतो. बालगंधर्वांच्या काळी घरंदाज बाईला रंगमंचावर मज्जाव होता, म्हणून पुरुषाने बाई व्हायचं आणि पुरुषपण पुरतं झाकायचं. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या आणि ती गरज हळूहळू सरली. ड्रॅगला अशी गरज नाही. इथे कलावंत दोन्ही रूपं एकाच वेळी हातात ठेवतो. ज्या गोष्टीवरून शाळेत चिडवलं गेलं, तीच तो दिव्याखाली आणतो आणि तिच्यावर कधी हसायचं हे स्वतः ठरवतो. टीव्हीवर ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भाऊ कदम आणि सागर कारंडे साडीत आले की आपण घरातली पोरंबाळं घेऊन हसलो. तमाशापटांतल्या गणपत पाटलांच्या नाच्यावर आपले आजोबा हसले. पण नाच्याकडे पाहून हसणारा समाज नाच्या झालेल्या माणसाशी कसा वागतो, हे ‘नटरंग’ने २०१० मध्ये पडद्यावर दाखवलं. तो सिनेमा पाहून पुष्कळांनी डोळे पुसले. त्या अश्रूंचा उपयोग आपल्या आळीतल्या मुलासाठी व्हायला हवा.

क्वीअर लोकांच्या रात्रीला मुंबईत मोठा इतिहास आहे. कुलाब्यात आर्थर बंदर रोडवर ‘वूडू’ नावाचा साधासा पब होता. शनिवारी रात्री तिथे समलिंगी पुरुष जमत. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ लागू होतं. नाचणं हा गुन्हा नव्हता, पण त्या कलमाच्या धाकाने पोलीस आणि खंडणीखोर दोघेही दरडावू शकत. पार्टीचा पत्ता ओळखीच्यालाच कळायचा. १९९० मध्ये अशोक राव कवींनी ‘बॉम्बे दोस्त’ हे मासिक सुरू केलं आणि १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभी राहिली, तीही याच काळात. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलासा दिला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये तो काढून घेतला आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. त्या खटल्यातल्या याचिकाकर्त्यांपैकी एक असलेल्या केशव सुरी यांच्या ‘ललित’ हॉटेलांतल्या ‘किटी सू’ क्लबने ड्रॅगला नियमित मंच दिला. सुशांत दिवगीकर तिथे ‘रानी को-हे-नूर’ होऊन गात. बंगळूरच्या अ‍ॅलेक्स मॅथ्यू यांची ‘माया’ आणि हैदराबादच्या पत्रुनी शास्त्रींचे प्रयोग याच सुमारास लोकांसमोर आले.

रात्रीच्या जागा म्हणजे केवळ मौजमजा, असं समजू नये. न्यूयॉर्कच्या ‘स्टोनवॉल इन’ या बारवर २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांनी धाड घातली आणि गिऱ्हाइकांनी माघार घ्यायला नकार दिला. जगभरचे प्राइड मोर्चे त्या रात्रीची आठवण म्हणून निघतात. त्याच्याही कितीतरी आधी, १८८८ मध्ये, वॉशिंग्टनमध्ये विल्यम डॉर्सी स्वान या माणसाला ड्रॅगच्या मेजवानीवरून अटक झाली होती. तो गुलामगिरीत जन्मलेला होता. आपल्याकडे ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी डान्सबारमध्ये नाचल्या आणि २००५ च्या बंदीविरुद्ध बोलल्या. ज्यांना दिवसा जागा मिळत नाही, ती माणसं रात्री एकमेकांना शोधतात. तिथेच त्यांना कामं मिळतात, डॉक्टरांचे पत्ते मिळतात, घर सोडून आलेल्याला चार दिवस राहायला खोली मिळते.

आता अडचणीचं बोलतो, कारण हा आनंद सगळ्यांना परवडणारा नाही. क्लबच्या प्रवेशाचा दर आमच्या पट्ट्यातल्या कंत्राटी कामगाराच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त असू शकतो. शो रंगात येतो तेव्हा पनवेलची शेवटची लोकल जवळ आलेली असते. ती चुकली तर पहाटेपर्यंत फलाटावर बसायचं, आणि पनवेलला उतरल्यावर मोहोपाड्याचं वाहन मिळायला उजाडावं लागतं. मॉल आणि खाणावळी रात्रभर उघड्या ठेवायला मुंबईत जानेवारी २०२० मध्ये परवानगी मिळाली, पण लोकल काही रात्रभर धावायला लागल्या नाहीत. काही ठिकाणी ट्रान्स मैत्रिणींना दारातच थांबवलं जातं, साध्या कपड्यांतल्या मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं जातं. इंग्रजी न येणारा खालापूरचा पोरगा अशा दारात दोनदा विचार करतो. कर्जत, चौक, खोपोली, आपटा इथल्या किती मुलांना हा अनुभव हवा असेल आणि किती जण केवळ अंतर आणि पैसा यांमुळे त्याला मुकत असतील!

यावर उपाय आपल्या हाताशी आहे. पुरुष कलावंतांनी लावणी सादर करण्याची परंपरा महाराष्ट्रात जिवंत आहे. ‘बिन बायकांचा तमाशा’सारखा कार्यक्रम नाट्यगृहांत तिकीट लावून झाला आणि घरच्या बायकांनी तो दाद देत पाहिला. त्या मंचावर दारू नाही, अंधार नाही, शेवटच्या लोकलची धास्ती नाही. जिथे लावणी रंगते तिथे ड्रॅगही रंगेल. मुंबईतले कितीतरी ड्रॅग कलावंत मराठी घरांतले आहेत, त्यांना मराठीत निवेदन करायला, मराठी गाण्यांवर नाचायला आवडेल. त्यांना फक्त बोलावणं हवं.

प्रेक्षक म्हणूनही आपली काही जबाबदारी आहे. शोला गेलात तर विचारल्याशिवाय कुणाचा व्हिडिओ काढू नका, कारण तिथे आलेल्या कित्येकांनी घरी सांगितलेलं नसतं. कलावंताच्या अंगाला हात लावू नका. ड्रॅग करणारा प्रत्येक जण ट्रान्स नसतो आणि प्रत्येक ट्रान्स व्यक्ती ड्रॅग करत नाही, तेव्हा कुणाला काय म्हणायचं ते त्यांनाच विचारा. आणि आवडलं तर मोकळ्या हाताने बक्षीस द्या, त्यावर पुढचा पोशाख शिवला जातो.

पनवेलला आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे. आमच्या तालुक्यापासून ते एसटीच्या टप्प्यात आहे. माझी नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाला आणि पनवेल-खालापूर-कर्जतच्या नाट्यसंस्थांना जाहीर विनंती आहे की रविवारच्या दुपारी एक ड्रॅग आणि पुरुष-लावणीचा एकत्र प्रयोग लावा. तिकीट बाल्कनीतल्या प्रेक्षकालाही परवडेल असं ठेवा आणि कलावंतांना ठरलेलं मानधन त्याच दिवशी द्या. मोहोपाड्यात तिकिटं विकायचं काम माझ्याकडे लागलं. वाचकांपैकी ज्यांना यात हात लावायचा आहे त्यांनी या सदराच्या पत्त्यावर कळवावं.