मारामारीचा पिक्चर का बघू नये?

मोठी माणसं म्हणतात, असले पिक्चर बघून पोरं बिघडतात. मला हे मुळीच पटत नाही. २०२३ साली आलेला 'पठाण' हा हेरगिरीचा सिनेमा घ्या. सैबेरियातल्या बैकल सरोवराच्या बर्फावर मोटारसायकलींचा काय तो पाठलाग! बैकल म्हणजे जगातलं सर्वात खोल सरोवर. भूगोलाच्या तासाला नुसतं नाव ऐकून मी विसरले असते, आता जन्मात विसरणार नाही.

पण सगळी शाबासकी हीरोलाच का? 'शोले'त (१९७५) बसंतीचा टांगा भरधाव पळतो, तेव्हा हेमामालिनीच्या जागी रेश्मा पठाण होती. त्यात ती जखमीसुद्धा झाली. तिच्यावर सिनेमा निघाला तो थेट २०१९ साली!

आपल्या भाईंदरला लोकलच्या दारात लटकणारे दादालोक त्यालाच स्टंट म्हणतात. छे! स्टंटवाले आधी तालीम करतात, कमरेला तार बांधतात, खाली गाद्या टाकतात. खाडीच्या पुलावर कुठल्या आल्या गाद्या? पालकांनो, रागवायचं तर त्यांना रागवा. आम्हाला पिक्चर बघू द्या. आणि शेवटी नावं येतात तेव्हा टीव्ही लगेच बंद करू नका, उड्या मारणाऱ्यांची नावं तिथंच असतात.