शंभर टक्क्यांची टॅली

दहावीचा निकाल लागला की शिवडीपासून दादरपर्यंत फ्लेक्स लागतात. '100 टक्के निकाल! यशाची परंपरा!' मध्ये संस्थाचालकाचं थोबाड, बाजूला पुढाऱ्याचं. आणि दारूखान्याच्या झोपडीतली आय त्या फ्लेक्सखाली उभी राहून पोरासाठी हायस्कूल निवडते. ही शाळा शंभरची, ती ब्याण्णवची, म्युनिसिपालटीची त्याहून खाली. झाली तुलना!

दोस्तहो, ही लबाडी आहे.

मी गोदीत हमाली करतो. तिथं हिशोब सरळ आहे. बोटीवर 100 गोणी चढल्या तर धक्क्यावर 100 उतरल्या पाहिजेत. 60 उतरल्या तर बोंब होते. टॅली क्लार्कची वही मागवतात, मुकादमाला उभा करतात, भरपाई मागतात. उतरलेल्या 60 धड आहेत म्हणून 'शंभर टक्के माल पोचला' असं कुणी लिहिलं तर त्याला त्याच पाळीत गेटबाहेर काढतील.

शाळेत तेच लिहिणाऱ्याला शाल आणि नारळ.

पाचवीत 100 पोरं घ्या, दहावीला 60 बसवा, 60 पास करा. निकाल शंभर टक्के! अन् ती 40 कुठं गेली? कुणाच्या वहीत त्यांची रेघ आहे?

मी सांगतो कुठं गेली. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या पोरांचा. आठवी संपली की त्याचं छप्पर संपतं. नववीत उघड्यावर आलेलं पोर गाळणीत पडतं.

माझी धाकटी बहीण नववीत होती. अनुदानित हायस्कूल, म्हणजे मास्तरांचा पगार सरकारी तिजोरीतून. आयला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, गोड बोलले. 'पोरगी चांगली आहे हो, पण गणितात कच्ची. दाखला घेऊन जा, सतरा नंबरचा फॉर्म भरा.' आय साक्षरता वर्गात सही शिकली होती. ती सही तिनं पहिल्यांदा केली ती पोरीला शाळेतून काढण्याच्या अर्जावर. पोरगी आता पहाटे भाऊच्या धक्क्यावर कोळंबी सोलते. फॉर्म भरलाच नाही. त्या वर्षी शाळेचा फ्लेक्स मात्र लागला.

सतरा नंबरच्या फॉर्मला मी शिव्या देत नाही. मी स्वतः तोच भरून दहावी झालो, बाप त्याला अजून मॅट्रिक म्हणतो. कामाला जुंपलेल्या माणसासाठी तो दरवाजा चांगला आहे. पण चौदा वर्षांच्या पोरीला बाकावरून उठवून त्यातून ढकलायचं? ती बसली असती तर बोर्डाच्या यादीत 'खाजगी' म्हणून गेली असती. तिचं नापास होणं शाळेच्या टक्क्याला शिवलंही नसतं. विटाळ टाळायची ही नवी रीत, साली!

आता म्युनिसिपालटीची शाळा बघा. 2020 पासून तिचं नाव 'मुंबई पब्लिक स्कूल'. पाटी बदलली, पण बहुतेक शाळा सातवी-आठवीलाच संपतात. माध्यमिक त्यामानानं थोड्या. जिथं आहे तिथं फ्लेक्सवाल्यांनी गाळलेलं पोर येऊन बसतं. मास्तर मतदारयादीच्या कामाला. मग टक्का खाली आला की पांढरपेशे नाक मुरडतात. अरे, तुमचा टक्का वर चढला तो तिच्या पाठीवर पाय देऊन!

याच म्युनिसिपालटीनं माहीमला आयसीएसईची, जोगेश्वरीला सीबीएसईची शाळा काढली. काढली ते बरं केलं. पण प्रवेश सोडतीनं. चिठ्ठी निघाली तर नशीब, नाही तर जुनी शाळा. शिक्षणाची पण लॉटरी?

1882 साली जोतिरावांनी हंटर कमिशनला बजावलं होतं की सरकारचा महसूल येतो कष्टकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. 1964-66 च्या कोठारी आयोगानं एका वस्तीतल्या सगळ्या पोरांची एकच शेजारशाळा सुचवली. ती कागदावरच राहिली. परळच्या चाळीतून भीमराव नावाचं पोर सरकारी एल्फिन्स्टन हायस्कूलात गेलं आणि 1907 ला मॅट्रिक झालं. त्याची जयंती करणाऱ्यांनो, तुमच्या गल्लीतलं पोर नववीत कुठं गळालं हे ठाऊक आहे तुम्हाला? की डीजेच्या आवाजात ऐकू आलं नाही?

म्हणून तुलना आपण करू. प्रत्येक गल्लीत एक वही घाला. कुठल्या हायस्कूलात पाचवीला, आठवीला किती पोरं गेली, दहावीला किती बसली, मधे दाखला घेऊन कोण आलं, नावानिशी लिहा. दर इयत्तेचा पट शाळा यू-डायसमध्ये सरकारला भरून देतातच. तोच पट गेटवर लावा म्हणावं, फ्लेक्सच्या शेजारी. आणि आयांनो, बापांनो, 'दाखला घेऊन जा' म्हटलं की सही करू नका. कारण लेखी मागा. एकट्यानं जाऊ नका, दहा जण जा.

आम्ही माणसं आहोत, माल नाही, हे भाषणात पुष्कळ झालं. आधी गोणीची होते तेवढी तरी मोजदाद आमच्या पोरांची करा. चाळीस कमी आहेत. त्यांचा हिशोब घेतल्याशिवाय आम्ही गेटवरून हलणार नाही.