अनामिक ग्लायडरला उसने नाव कशाला?

युरोपातल्या एखाद्या जुन्या कोठाराच्या माळ्यावर लाकडी फासळ्यांचा ढीग सापडतो. त्यांना कुजलेल्या कापडाच्या चिंध्या चिकटलेल्या असतात. छायाचित्र प्रसिद्ध होऊन तासही उलटत नाही, तोच निवाडा येतो : 'ग्रुनाउ बेबी!' पुरावा एवढाच, की पंख साधारण तसा दिसतो. हे बारसे झाले, आणि तेही दुसऱ्याच्या मुलाचे नाव उसने घेऊन.

एडमंड श्नायडर यांनी १९३१ साली आखलेले हे ग्लायडर हजारोंच्या संख्येने बनले. कारखान्यांत बनले, तसे आराखडे मिळवून क्लबांतही बनले. त्याच्या पंखाचा छेद ग्योटिंगेन ५३५. पण तोच छेद इंग्लंडच्या किर्बी काइटलाही आहे. म्हणजे छेद जुळला तरी फार तर घराणे कळते, व्यक्ती कळत नाही.

घरगुती ग्लायडरची खरी ओळख जिथे नमुना सुटतो तिथे सापडते. याचा सर्वांत बोलका दाखला राइट बंधूंचा आहे. सप्टेंबर १९०० मध्ये किटी हॉकला निघालेल्या विल्बरला १८ फुटी स्प्रूसच्या तुळया हव्या होत्या. नॉर्फोकच्या बाजारात त्या मिळाल्या नाहीत. १६ फुटी पाइनवर भागवावे लागले. पंखांचे नियोजित २०० चौरस फुटांचे क्षेत्रफळ १६५ वर आले आणि आधीच शिवलेले कापड पुन्हा कापून शिवावे लागले. काम संपल्यावर ते ग्लायडर वाळूतच राहिले. त्याच्या सॅटीनमधून गावातल्या टेटबाईंनी आपल्या दोन मुलींना झगे शिवले! उरलेला सांगाडा आज कोणाच्या हाती लागला असता, तर मूळ बेताशी ताडून पाहणाऱ्या पंडिताने तो 'मापात बसत नाही' म्हणून फेटाळला असता. वास्तविक त्या आखूड तुळयाच विल्बरची सही आहेत.

दुसरा दाखला कोल्डिट्झ किल्ल्याचा. दुसऱ्या महायुद्धात तेथील ब्रिटिश कैद्यांनी छताखालच्या माळ्यावर, खोट्या भिंतीआड, दोन माणसांचे ग्लायडर बांधले. बिल गोल्डफिंच आणि जॅक बेस्ट हे त्याचे प्रमुख कारागीर. आधार होता तुरुंगाच्या ग्रंथालयातील लॅटिमर-नीडम यांच्या विमानरचनेवरील ग्रंथाचा. फासळ्या पलंगांच्या पट्ट्यांच्या, मुख्य तुळया फरशीच्या फळ्यांच्या, नियंत्रणाच्या तारा विजेच्या जोडणीतून काढलेल्या. कापड निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या झोपण्याच्या पिशव्यांचे. ते ताणून घट्ट करण्यासाठी डोपऐवजी कैद्यांच्या शिध्यातली बाजरीसारखी भरड शिजवून लावली. एप्रिल १९४५ मध्ये किल्ला मुक्त झाला, एक छायाचित्र निघाले आणि ग्लायडर नाहीसे झाले. २००० साली केलेली पूर्णाकृती प्रतिकृती ओडिहॅमच्या तळावर उडाली, तेव्हा पाहायला बेस्ट आणि गोल्डफिंच हजर होते.

समजा, उद्या त्या मूळ पंखाचा हातभर तुकडा मिळाला. रेषेवरून नाव देणारा त्याला एखाद्या ब्रिटिश क्लबच्या खाती टाकील. चौकड्यांवरचा खळीचा थर पाहणारा थबकेल.

साहित्यावरून काळ ठरवतानाही हीच घाई आडवी येते. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला, तो तर १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातला, म्हणून सारे ग्लायडर त्यानंतरचे, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. परंतु ग्लायडर आपटतात, आणि आपटले की दुरुस्त होतात. ज्या सांध्यात तो स्क्रू आहे तिथला सरस कोणता? शेजारच्या सांध्यात दुधाच्या केसीनचा जुना सरस आणि इथे कृत्रिम राळ असेल, तर स्क्रू दुरुस्तीचा काळ सांगतो, जन्माचा नव्हे. लाकडाचा रंग, जुनी बुजवलेली भोके, करवतीच्या खुणा पाहिल्याशिवाय दोन्ही काळ वेगळे होत नाहीत. छायाचित्रावरून तर नाहीतच.

'नाव नसेल तर वस्तूला किंमत कोण देणार?' असा युक्तिवाद केला जातो. तो व्यापाऱ्याला शोभतो. 'बांधणारा अज्ञात, दोनदा दुरुस्त' अशी चिठ्ठी लावलेल्या पंखाकडे पुढचा अभ्यासक भिंग घेऊन परत येतो. 'ग्रुनाउ बेबी' लिहिलेला पंख मात्र इतर हजारोंच्या रांगेत जाऊन बसतो, आणि ज्या सुताराने ती फासळी दोन बोटे आखूड कापली, त्याचा शोध तिथेच थांबतो.